मिनेसोटातला पहिला हिवाळा : कोटापासून चिकॅडीपर्यंत

ऑगस्टमध्ये मिनिआपोलिसला उतरलेल्या माणसाला हिवाळ्याबद्दल दोनच प्रकारचे सल्ले मिळतात. "बाप रे, कसं होणार तुमचं!" किंवा "काही नाही हो, सवय होते." दोन्हींचा उपयोग शून्य. इथल्या थंडीत छान राहता येतं, पण त्यासाठी काही कामं वेळेत उरकावी लागतात आणि काही गोष्टी रोज बाहेर पडून बघाव्या लागतात. हे बघण्याचं कलम बरेच जण गाळतात आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत घराच्या भिंतींना कंटाळून जातात.

हे लिहिताना माझ्यासमोर मिनिआपोलिस आणि सेंट पॉल ही जुळी शहरं आहेत. शिकागो, मॅडिसन किंवा मिलवॉकीकरांनी आकडे थोडे इकडेतिकडे करून घ्यावेत. तयारीला ऑक्टोबरातच लागा. १९९१ साली ३१ ऑक्टोबरला, ऐन हॅलोवीनच्या दिवशी, सुरू झालेल्या वादळाने इथे २८ इंचांहून जास्त बर्फ टाकला होता. असं दरवर्षी होत नाही, पण थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) सेलची वाट बघत कोटाशिवाय राहण्यात शहाणपण नाही.

पायरी १ : आधी आकडा वाचायला शिका

इथे सगळं फॅरेनहाइटमध्ये चालतं. ३२ ला पाणी गोठतं. २५-३० असेल तर स्थानिक लोक कोटाची चेन उघडी टाकून फिरताना दिसतील. शून्य फॅरेनहाइट म्हणजे उणे १८ सेल्सियस. खरी थंडी इथून सुरू होते असं समजा. उणे ४० ला दोन्ही मोजपट्ट्या एकच आकडा दाखवतात, पण शहरात तिथवर सहसा वेळ येत नाही. ३० जानेवारी २०१९ ला मिनिआपोलिसमध्ये पारा उणे २८ फॅरेनहाइटपर्यंत उतरला, तेव्हा मिडवेस्टच्या बऱ्याच भागात टपालवाटपसुद्धा बंद ठेवलं होतं. राज्याचा विक्रम उत्तरेकडच्या टॉवर या गावाजवळचा : २ फेब्रुवारी १९९६, उणे ६० फॅरेनहाइट.

तापमानाशेजारी 'विंड चिल' नावाचा दुसरा आकडा असतो, बाहेर पडताना तो बघायचा. हवा शून्यावर आणि वारा ताशी १५ मैल असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे १९ ची लागते आणि अर्ध्या तासात हिमदंश (कातडी गोठून होणारी इजा) होऊ शकतो. हा हिशोब फक्त जिवंत कातडीचा. गाडीचं इंजिन किंवा पाण्याचा पाइप खऱ्या तापमानाच्या खाली जात नाही. पूर्वी हवामान खातं 'विंड चिल वॉर्निंग' द्यायचं, ऑक्टोबर २०२४ पासून त्याला 'एक्स्ट्रीम कोल्ड वॉर्निंग' म्हणतात. फोनवर तो इशारा आला की फिरायला जायचा बेत रद्द.

आता एक गोष्ट जी आपल्याकडच्या अनुभवाच्या नेमकी उलट आहे. खिडकीतून लख्ख ऊन आणि निळंशार आभाळ दिसलं की आपण सवयीने हलकं जाकीट उचलतो. इथे जानेवारीतलं निरभ्र आकाश म्हणजे बहुधा उत्तरेकडून उतरलेली कोरडी, आर्क्टिक हवा. ढग नसल्याने जमिनीची उष्णता रात्रभर वर निघून जाते आणि सकाळी सूर्य डोळे दिपवत असताना पारा उणे १५ वर असतो. उलट करड्या, कोंदट आभाळातून बर्फ पडत असतो तो दिवस बऱ्याचदा २०-३० वर, म्हणजे सुसह्य. तेव्हा ऊन बघून खूश व्हा, पण कपडे आकडा बघून घाला.

पायरी २ : कपडे

भारतातून कोट आणू नका. तिकडे मिळतात ते कुलू-मनालीच्या सहलीपुरते. इथे थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, चांगला, कमरेखाली येणारा, टोपी जोडलेला कोट स्वस्तात मिळतो. पैसे खर्च करायचे ते बुटांवर. बूट जलरोधक, आतून उबदार आणि जाड मोजा घालूनही बोटं हलतील एवढे मोठे हवेत. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की रक्तपुरवठा अडतो आणि पाय अधिकच गार पडतात.

अंगाला चिकटून जो थर असतो तो सुती नको. कापूस घाम पितो आणि ओलाच राहतो, मग बस स्टॉपवर उभं राहिलं की हुडहुडी भरते. लोकर किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, त्यावर वारा अडवणारा कोट. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा सगळी बोटं एकत्र ठेवणारे मिटन जास्त ऊब देतात. आणि पुण्यात आजोबांची माकडटोपी हा थट्टेचा विषय असतो, तो इथे नाही. नाक, गाल, कान झाकणारी कसलीही टोपी घाला, कुणी ढुंकून बघणार नाही.

लहान मुलांना शाळेत मधल्या सुट्टीत बाहेर काढतात, अगदी कडाक्याची थंडी नसेल तर. म्हणून स्नो पँट, बूट आणि मिटनच्या दोन जोड्या, सगळ्यावर नाव घालून. गाडीत कार सीटवर बसवताना मात्र मुलाचा फुगीर कोट काढा. कोटावरून पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. पट्टा लावून झाल्यावर वरून पांघरूण घाला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं काय? पैठणीच्या आत थर्मल लेगिंग, पायात बूट, चपला पिशवीत. इथल्या घरांत बर्फाचे बूट दाराशीच काढतात, त्यामुळे चपला बदलताना अवघडल्यासारखं वाटायचं कारण नाही. तिळगूळ आणि गुळाची पोळी जानेवारीतच का खायची हे मिनेसोटात मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

पायरी ३ : घर

फर्नेसचा (घर तापवणाऱ्या भट्टीचा) फिल्टर बदला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का बघा. झोपायच्या प्रत्येक खोलीपासून दहा फुटांच्या आत तो असणं मिनेसोटात कायद्याने सक्तीचं आहे. वीज गेली म्हणून कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यूची ग्रिल घरात पेटवणं म्हणजे जिवाशी खेळ. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून बसणंही तसंच.

हवा इतकी कोरडी होते की दाराच्या मुठीला हात लावला तरी शॉक बसतो. हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर लावा, पण बेतानं : बाहेर शून्याखाली गेल्यावर आतली आर्द्रता जास्त ठेवली तर काचांवर पाणी साचतं, गोठतं आणि चौकटी कुजतात. कुकरच्या चार शिट्ट्यांनीसुद्धा स्वयंपाकघराची काच धूसर होते, तेव्हा पंखा चालू ठेवा. जुन्या खिडक्यांवर आतून लावायचं पारदर्शक प्लास्टिक हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. हेअर ड्रायर फिरवला की ते ताणून बसतं आणि वारा येणं थांबतं. कडक थंडीच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालचं कपाट उघडं ठेवा आणि नळ थेंब-थेंब सुटू द्या, म्हणजे पाइप फुटायची भीती कमी. इडलीचं पीठ बंद ओव्हनमध्ये, फक्त आतला दिवा लावून ठेवलं की फुगतं.

गॅस-विजेचं बिल थकलं तर घाबरून गप्प बसू नका. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या काळात घर तापवण्याचा पुरवठा तोडण्यापासून वाचवणारा 'कोल्ड वेदर रूल' लागू असतो, पण त्याचं संरक्षण आपोआप मिळत नाही. कंपनीला स्वतः फोन करून हप्ते ठरवून घ्यावे लागतात.

पायरी ४ : गाडी आणि फावडं

मेकॅनिककडून बॅटरी तपासून घ्या. तापमान दहा अंश फॅरेनहाइट उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो, म्हणून पहिल्या थंडीत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. काच धुवायचं निळं पाणी हिवाळ्याचंच घ्या, नाहीतर ते काचेवरच गोठेल. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. डिकीत ब्लँकेट, छोटं फावडं, वाळू, जम्पर केबल आणि थोडं खाणं. बर्फात अडकलात तर गाडी सोडून चालायला लागू नका. हीटर लावण्याआधी सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही ना, एवढं मात्र उतरून बघा.

रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण म्हणजे 'स्नो इमर्जन्सी', म्हणजे बर्फ हटवण्यासाठी रस्ते मोकळे ठेवायचे दिवस. मिनिआपोलिसमध्ये ती जाहीर झाली की पहिल्या रात्री ९ ते सकाळी ८ मुख्य मार्गांवर गाडी लावायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते रात्री ८ बाकीच्या रस्त्यांवर सम क्रमांकाच्या घरांची बाजू रिकामी ठेवायची, तिसऱ्या दिवशी त्याच वेळेत विषम बाजू. बर्फ हटवणारा नांगर फिरवून झालेला असेल तर तिथे आधीही गाडी लावता येते. न पाळल्यास गाडी उचलून नेतात आणि तो दंड पहिल्या महिन्याच्या पगाराला चांगलंच खिंडार पाडतो. शहराच्या फोन-मेसेज सेवेत नाव नोंदवून ठेवा. शिकागोत वेगळीच गंमत : तिथे उपसून मोकळ्या केलेल्या जागेवर लोक मोडक्या खुर्च्या मांडून हक्क सांगतात. त्याला 'डिब्ज' म्हणतात. खुर्ची हलवायच्या भानगडीत पडू नये.

स्वतंत्र घर असेल तर बर्फ थांबल्यापासून २४ तासांत समोरचा फुटपाथ साफ करायची जबाबदारी मिनिआपोलिसमध्ये तुमची. बर्फ उचलून फेकण्यापेक्षा ढकला. ओला, जड बर्फ उपसताना हृदयविकाराचे झटके येतात ही अतिशयोक्ती नाही. पन्नाशीच्या पुढच्यांनी आणि भारतातून आलेल्या आई-बाबांनी उत्साहात फावडं हातात घेऊ नये. बर्फ वितळवायला टाकतात ते साधं मीठ १५ फॅरेनहाइटच्या खाली फारसं चालत नाही, तेव्हा ओतत बसू नका, वाळू टाका. जास्तीचं मीठ वितळलेल्या पाण्याबरोबर तळ्यात जातं.

चालताना छोटी पावलं, पाय सपाट, हात खिशाबाहेर. डांबर नुसतं ओलं दिसतं तिथे काचेसारखा पातळ बर्फ असू शकतो.

पायरी ५ : रोज वीस मिनिटं बाहेर

मिनिआपोलिसच्या डाउनटाउनमध्ये इमारतींना दुसऱ्या मजल्यावरून जोडणारे काचेचे पूल आहेत, स्कायवे. पहिला १९६२ मध्ये बांधला, आज त्यांचं जाळं साडेनऊ मैलांच्या आसपास आहे. घर, ऑफिस, जेवण, दवाखाना, सगळं कोट न घालता उरकता येतं. सोय उत्तम, पण तीन महिने असे काढले की माणूस कोमेजतो. २१ डिसेंबरच्या सुमारास इथे दिवस पावणेनऊ तासांचा असतो (मुंबईत जवळजवळ अकरा), साडेचारलाच सूर्य मावळतो आणि भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम २२ अंश वर असतो. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. म्हणून जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडा. मन खूपच खचलं तर डॉक्टरांशी बोला. इथले डॉक्टर हे दरवर्षी बघतात.

बाहेर पडल्यावर सुरुवात कानांनी करा. पारा २५-३० असतो तेव्हा बर्फ पायाखाली मुकाट दबतो. दहाच्या घरात आला की तो करकरायला लागतो, आणि शून्याखाली तर प्रत्येक पावलाला कुरकुर ऐकू येते. काही आठवड्यांत फोन न बघता तापमानाचा अंदाज बांधता येतो. नाकातले केस ताठ झाल्यासारखे वाटले की शून्याच्या आसपास आहोत हे नक्की.

मग पक्षी. इथला पहिला दोस्त चिकॅडी : काळी टोपी, काळा गळा, पांढरे गाल, वजन दहा-बारा ग्रॅम. सूर्यफुलाच्या काळ्या बिया एका फीडरमध्ये भरून टांगा (अपार्टमेंटच्या बाल्कनीत लावायचं तर आधी लीज वाचा) आणि खिडकीशी बसा. चिकॅडी येते, एकच बी उचलते, फांदीवर जाते, बी दोन्ही पायांत घट्ट धरते आणि चोचीने ठोकून फोडते. पुन्हा येते, पण या वेळी बी खात नाही. सालीच्या फटीत खुपसून ठेवते. अशा शेकडो जागा ती लक्षात ठेवते. एवढासा जीव उणे वीसची रात्र काढतो कशी? झोपेत ती शरीराचं तापमान सुमारे दहा सेल्सियसने खाली आणते आणि इंधन वाचवते. सकाळी उठल्या उठल्या पुन्हा खाणं. तिच्या 'चिक-अ-डी-डी' हाकेतले शेवटचे 'डी' वाढले की समजा, जवळपास घुबड किंवा ससाणा आहे.

तिच्यामागून झाडाच्या खोडावर डोकं खाली करून उतरणारा नटहॅच येतो. जमिनीवर सांडलेले दाणे राखाडी पाठीचे, पांढऱ्या पोटाचे जंको टिपतात. आणि संध्याकाळी, सगळे गेल्यावर, जवळपास अंधारात लालभडक कार्डिनल येतो. सकाळी पहिला आणि संध्याकाळी शेवटचा. सुतारपक्ष्यांसाठी इथे सूएट टांगतात, ती गाई-बैलांची चरबी असते. घरात नको असेल तर बिनमिठाचे शेंगदाणे ठेवा, तेही त्यांना चालतात. कावळ्याला घास ठेवायची सवय म्हणून उरलेला भात-पोळी मात्र बाहेर टाकू नका, रात्री उंदीर आणि रॅकून येतात. कावळे बघायचेच असतील तर संध्याकाळी मिनिआपोलिसमध्ये आकाशाकडे बघा. हिवाळ्यात ते हजारोंनी एकत्र रात्रवस्तीला जमतात. पक्ष्याचं नाव कळत नसेल तर कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन हे मोफत अॅप फोनवर घ्या.

ताज्या बर्फावर सकाळी रात्रीचा सगळा व्यवहार उमटलेला असतो. सशाचे मागचे लांब पाय पुढच्या पायांच्या पुढे पडतात, आणि पुढचे दोन एकामागे एक. खारीचे पुढचे दोन शेजारी-शेजारी, आणि तिची वाट एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत. उंदराच्या ठशांमध्ये शेपटीची बारीक रेघ. ठसे मध्येच संपले आणि दोन्ही बाजूंना पिसांचा पंखा उमटलेला दिसला, तर तिथे घुबडाचं जेवण झालं आहे. फुटभर बर्फाखाली जमीन मात्र गोठणबिंदूच्या आसपासच राहते, आणि बर्फ व जमिनीमधल्या पोकळीत छोटे उंदीर सबंध हिवाळा बोगदे करून हिंडत असतात.

वरही बघा. कडक थंडीत सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन तेजस्वी, इंद्रधनुषी ठिपके दिसतात, त्यांना सन डॉग म्हणतात. हवेतल्या षट्कोनी बर्फकणांतून प्रकाश वळल्यामुळे ते होतं. हात लांब करून वीत धरा; सूर्यापासून साधारण तेवढ्या अंतरावर ते सापडतील. सूर्य हाताआड ठेवूनच बघा.

शनिवार-रविवारी गाडी काढायची असेल तर वबाशाला जा. तिथे मिसिसिपीचं पाणी वाहतं राहतं आणि मासे पकडायला बाल्ड ईगल जमतात. नॅशनल ईगल सेंटरही तिथेच आहे. मॉन्टिसेलोला अणुवीज प्रकल्पाच्या कोमट पाण्यामुळे नदी गोठत नाही, तिथे ट्रम्पेटर हंस दाटीवाटीने असतात. दुर्बीण घेऊन लांब जायची तयारी असेल तर डुलुथजवळच्या सॅक्स-झिम बॉगमध्ये मोठं करडं घुबड दिसण्याची आशा धरता येते.

पायरी ६ : तळ्यावर पाय ठेवण्याआधी

सगळे चालताहेत म्हणून आपणही, असं करू नका. राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा नियम : माणसाला चालायला किमान चार इंच नवा, पारदर्शक बर्फ, छोट्या कारला नऊ-दहा इंच. पांढरा, दुधाळ बर्फ निम्म्याच ताकदीचा धरायचा. झरे, ओढ्याचं तोंड, पुलाखालची जागा इथे तो पातळ असतो. कुठलाही बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो हे ते खातंच सांगतं. रात्री तळ्यातून 'घूं...धड्डाम' असे आवाज आले तर घाबरू नका. बर्फ तापमानानुसार आकुंचन-प्रसरण पावतो, त्याचे ते आवाज.

पायरी ७ : बोटं पांढरी पडली तर

बोटं, नाक किंवा कान बधिर होऊन पांढरट, मेणासारखे दिसू लागले की लगेच आत या. चोळू नका, हीटरसमोर धरू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. कोमट पाण्यात ठेवा. रंग आणि संवेदना परत येत नसतील तर दवाखाना. बोलणं अडखळू लागलं, माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला तर ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा.

पायरी ८ : फेब्रुवारी-मार्च

थंडी कमी झालेली नसते तेव्हाच पक्ष्यांना चाहूल लागते. जानेवारीच्या अखेरीपासून चिकॅडी 'फी-बी' अशी दोन सुरांची शीळ घालू लागते, फेब्रुवारीत कार्डिनल शेंड्यावर बसून गातो, शिंगळं घुबड तर बर्फातच अंडी उबवायला बसतं. मार्चमध्ये रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं सुरू झालं की मेपलच्या झाडांना रस सुटतो, आणि पाणथळीत लाल खांद्यांचे काळे पक्षी परततात.

याच दिवसांत दुकानांत कोट-बुटांचे सेल लागतात. मुलांसाठी पुढच्या वर्षीचं माप आताच घेऊन ठेवा. मात्र अंगावरचे कोट पेटीत घालू नका. एप्रिल २०१८ च्या मध्यावर जुळ्या शहरांत एका वादळात १५ इंचांहून जास्त बर्फ पडला होता. फावडं एप्रिल संपेपर्यंत दाराशीच असू द्या.